उशिरा पोचलेलं अक्षर

पेंटरच्या हातातून ब्रश सुटून दहा-बारा वर्षं झाली होती, तरी त्याला सगळे पेंटरच म्हणत. आता तो कागदावर शाईने अक्षरं काढायचा. मग ग्राफिक्सवाले तो कागद कॉम्प्युटरात ओढून घ्यायचे आणि अक्षरांना पडद्यावर नाचवायचे. काम एकच, विनोदी मालिकांची शीर्षकं. "नावं ठेवणारे पायलीला पन्नास मिळतील," तो म्हणायचा, "नाव काढणारा मात्र मी एकटाच."

दुकानांच्या पाट्यांपासून सुरुवात, मग नाटकांचे बोर्ड, मग टीव्ही. बावीस वर्षांत एकतीस मालिका झाल्या. पण मालिका संपल्यावर जी नावांची यादी वर सरकते, तिच्यात तो कधी आला नाही. चहावाला यायचा, भाड्याने सोफा देणारा यायचा, ज्यांच्या अंगणात एकदा शूटिंग झालं ते काका यायचे. पेंटर नाही. त्याने विचारलंही नाही कधी. पण यादी सरकताना तो न चुकता शेवटपर्यंत बघायचा. मालिका मात्र बघत नसे. पहिली दहा सेकंदं आणि शेवटची यादी त्याची, मधलं सगळं लोकांचं.

त्याच्या मते विनोद पहिल्या वाक्याला सुरू होतच नाही, पाटीला सुरू होतो. "आपण कुणाच्या दारात उभे राहतो," तो ग्राफिक्सवाल्यांना समजावायचा, "तेव्हा पाटी बघूनच ठरवतो ना, आवाज किती ठेवायचा ते? वकिलाची पाटी असली की हात आपोआप शर्टाच्या बटणाकडे जातो. पाटी जरा कलती असली की माणूस पायरीवरच सैल होतो. मग आत कुणी का असेना."

शिरोरेखा ही त्याच्या लेखी कपडे वाळत घालायची दोरी. रडकथा असेल तर दोरी ताठ. हसवायचं असेल तर दोरीला मध्ये झोल द्यायचा. किती, तिथेच सगळी मेख. जास्त झाला की सर्कस, कमी पडला की बँक. आणि एक अक्षर नेहमी उशिरा पोचलेलं काढायचं. बाकीची ओळीत उभी राहिलीत आणि हे एकटं धापा टाकत येतंय. "लोक हसतात त्या अक्षराला," तो म्हणायचा, "आणि त्यांना वाटतं, नटाला हसलो."

काम घेताना तो गोष्ट ऐकत नसे. दोन प्रश्न विचारायचा.

"हसायचं कुणाला?"

"सासऱ्याला."

"त्याला ते कळतं का?"

कळत असेल तर अक्षरांची टोकं वर वळायची, डोळा मारल्यासारखी. कळत नसेल तर अक्षरं गोल, गरगरीत, बाळाच्या गालासारखी. त्याचं कारणही त्याच्याकडे तयार असे. "ज्याला कळत नाही त्याला हसताना माणूस आतून जरा ओशाळतो. ते ओशाळेपण अक्षरांनी पुसायचं. पाटीच म्हणते ना, हसा, काही होत नाही! मग माणूस हसतो."

घरात दोनच माणसं, तो आणि ताई. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ताई सोळाची. त्याला हाताशी धरून तिने संसार केला, म्हणजे त्याचाच. स्वतःचं लग्न तिने तेहतिसाव्या वर्षी केलं. सहा वर्षांनी एका दुपारी मेहुणे "जरा जाऊन येतो" म्हणून गेले. त्याला एकोणीस वर्षं झाली, मेहुणे अजून जाऊनच येत होते.

ताई एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीला होती. दिवसाला शंभर-सव्वाशे शर्ट तिच्या हाताखालून जायचे. कॉलर ही तिची खासियत. आठवड्याची सुट्टी आली की ही बाई घरी आणखी तीन शर्टांना इस्त्री करायची. ते मेहुण्यांचे. घडी मोडायची, पाणी शिंपडायचं, इस्त्री फिरवायची, पुन्हा घडी. आणि दर दोन-तीन वर्षांनी ती त्यातला एक काढून नवा आणायची, एक माप मोठा.

"माणूस पन्नाशी ओलांडतो की नाही?" ती म्हणायची. "त्यातून काम बसून असेल तर पोट सुटलंच असणार. दारात आल्यावर शर्ट पोटावर बसला नाही तर काय करायचं? बरं दिसेल का?"

हे सगळं भाजीचा भाव सांगावा तसं. डोळ्यांत पाणी नाही की काही नाही. पेंटरला त्याची इतकी सवय झाली होती की तो फक्त विचारायचा, "यंदा कुठला रंग?"

"आकाशी. पिवळा त्यांना चालत नाही, माहितीये ना तुला."

आता स्टुडिओतली एक रीत सांगायला हवी. सोमवारी लेखकांची बैठक बसायची आणि चहा हवा असेल तर तिथे 'घरातलं एक टाकायचं'. म्हणजे आपल्या घरात घडलेलं, हसण्यासारखं, काहीतरी सांगायचं. कुणी बायकोची बहीण टाकायचं, कुणी शेजाऱ्याचा कुत्रा. त्यातूनच मालिकेचे भाग उभे राहत. सगळ्यांच्या वरचढ मास्तर. लिहायचे तेच आणि दिग्दर्शनही त्यांचंच. पेंटर कोपऱ्यात कागद मांडीवर घेऊन मंजुरीची वाट बघत बसलेला असायचा. त्याला चहा तसाच मिळायचा, कारण त्याला कुणी त्यात धरतच नव्हतं.

एका सोमवारी मास्तर म्हणाले, "काय रे पेंटर, बावीस वर्षं नुसता चहा ढोसतोयस. तुझ्या घरात काहीच घडत नाही का?"

सगळे वळून बघायला लागले. बावीस वर्षांत सगळे एकदम त्याच्याकडे कधी वळले नव्हते.

त्याने ताईचे शर्ट टाकले.

आणि सांगता सांगता त्याला शोध लागला, की आपल्याला सांगता येतं! कुठे थांबायचं ते हाताला माहीत होतंच, आज जिभेलाही कळलं. "दोन वर्षं झाली की ताई नवा शर्ट आणते," तो म्हणाला, आणि थांबला. उशिरा येणाऱ्या अक्षराएवढाच थांबला. "एक माप मोठा. म्हणते, आता पोट सुटलं असेल."

टेबलावर थापा पडल्या. एकाच्या नाकातून चहा आला. मास्तर उठून आले, त्यांनी पाठीवर हात मारला. "अरे, तू तर लेखक निघालास!"

चार दिवस पेंटर जमिनीवर नव्हता. घरी ताईने विचारलंसुद्धा, "काय रे धाकट्या, लॉटरी लागली का?"

"काही नाही गं. काम आवडलं साहेबांना."

वर्ष गेलं. तो विसरलाही.

मग एक दिवस चॅनेलच्या मॅडमनी त्याला बोलावून घेतलं. छोट्या थिएटरात त्या आणि मास्तर बसले होते, दोघांचे चेहरे पडलेले.

"पहिला भाग तयार झालाय," मॅडम म्हणाल्या. "काल तीस लोकांना बोलावून दाखवला. नेहमीची माणसं, रस्त्यावरची. तीस माणसं, पेंटर! एक हशा नाही. तिसऱ्या रांगेतली बाई रडली. एक आजोबा बाहेर आल्यावर मला विचारतात, 'त्या बाईला कुणी सांगत का नाही?' अहो, कॉमेडी आहे ती!"

"शीर्षक काय लावलं होतं?"

"कॉम्प्युटरमधलंच. साधं, सरळ."

"मग रडणारच," पेंटर म्हणाला. त्याला बरं वाटलं. "वाचून दाखवू नका. दोन प्रश्न..."

"प्रश्न राहू दे. या वेळी तू बघ," मास्तर म्हणाले.

दिवे मालवले. पडद्यावर काळ्या पाटीवर पांढरी, ताठ अक्षरं आली. 'येतीलच आता!' मग एक खोली. खोलीत एक बाई, गळ्यात शिवणकामाची टेप. ती एका आकाशी शर्टाच्या पोटाला टेप लावत होती, आणि म्हणत होती, "आता सुटलं असेल."

पेंटर उठून उभा राहिला.

"खाली बस, खाली बस," मास्तर मागून म्हणाले. "मजा पुढे आहे."

पुढे शेजारी होते. ते जिन्यात मुद्दाम पावलं वाजवायचे, बाई शर्ट घेऊन दारात धावायची, शेजारी तोंडात रुमाल कोंबायचे. असं तीनदा. दिवे लागले.

"मास्तर, ही माझी ताई आहे."

"तुझी ताई लाँड्रीत आहे. ही शिलाई करते. मी काय इतका कच्चा आहे का?"

"तिनं बघितलं तर?"

"तर हसेल! अरे, सगळ्यांच्याच घरातलं आलंय. माझ्या बापाच्या घोरण्यावर एकशेचाळीस भाग केले मी. बाप अजून घोरतो."

"पण ते शेजारी पावलं वाजवतात, ते... आमच्याकडे कुणी असं करत नाही."

"म्हणून तर मी लेखक आहे," मास्तर म्हणाले.

मॅडमनी मऊ आवाजात सांभाळून घेतलं. "पेंटर, खरं सांगते. हे तुमच्या अक्षरांवर अडलंय. लोकांना आत शिरतानाच कळायला हवं, की हसायला आलोय. ते जमलं तर ठीक, नाहीतर डब्यात. आणि या वेळी तुमचं नाव येणार. यादीत नाही, वेगळी पाटी. एकट्याची, तीन सेकंद."

हसायचं कुणाला, हे पेंटरने त्या दिवशी विचारलं नाही. तिला ते कळतं का, हेही नाही.

दुसऱ्या दिवशी ताई कामावर गेल्यावर तो खिडकीपाशी बसला. पहिल्या कागदावर त्याने अक्षरं सरळ काढली. दोरी ताठ. मशीनच्या अक्षरांना निदान जीव नव्हता, ह्यांना होता, त्यामुळे ती जास्तच वाईट दिसत होती. दवाखान्याच्या दारावर असावी तशी. हा कागद दिला की संपलं. लोक रडतील, मॅडम मालिका डब्यात टाकतील, ताईपर्यंत काही पोचायचं नाही. तो पाठ टेकून बसला. सुटल्यासारखं वाटलं.

मग हात रिकामा होता म्हणून त्याने दुसरा कागद घेतला.

त्यावर अक्षरं गोल आली. 'येतीलच'मधली एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून टाचा उंचावून उभी, वाटेकडे डोळे लावल्यासारखी. दोरीला झोल, अगदी बेताचा. आणि शेवटचा 'ता' मागे राहिलेला, घाईघाईने येणारा, कान्याचा पाय हवेतच. तेवीस वर्षांत त्याच्या हातून असं काही उतरलं नव्हतं. त्याने कागद लांब धरला आणि त्याला, एकट्याला, खोलीत, हसू आलं.

पिशवीत दोन्ही कागद घेऊन तो स्टुडिओत गेला. जिन्यात तीनदा ठरवलं, सरळ कागद द्यायचा. मॅडम म्हणाल्या, "दाखवा." त्याने पिशवीत हात घातला आणि गोल अक्षरं टेबलावर ठेवली.

का, असं पुढे त्याने स्वतःला पुष्कळदा विचारलं. नावाच्या पाटीसाठी? होय, थोडं. पण खरं कारण त्याहून लाजिरवाणं होतं. ती जास्त चांगली झाली होती, एवढंच.

दुसऱ्या चाचणीला तो शेवटच्या रांगेत बसला, पडद्याकडे न बघता लोकांच्या खांद्यांकडे बघत. शीर्षक आलं. 'ता' धावत आला, धडपडला, ओळीत शिरला. तीस जोड्या खांदे एकदम खाली आले. बाई अजून पडद्यावर यायची होती आणि हशा पिकलासुद्धा. मग बाई आली, तिने टेप लावली, आणि हशा थांबेचना. भाग तोच, बाई तीच, शब्द तेच. कुणी रडलं नाही. कुणी विचारलं नाही, तिला सांगत का नाही.

आणि त्याची छाती फुगली. खोटं कशाला बोला?

मालिका धो धो चालली. पेंटरने घरातला टीव्ही आदल्या आठवड्यातच बिघडवून ठेवला होता, मागची एक वायर काढून. "दुरुस्तीवाला मिळत नाही गं," तो म्हणायचा. ताईला टीव्हीचं फारसं नव्हतंच.

पण लाँड्रीत मालकाने जेवणाच्या खोलीत नवा टीव्ही बसवला.

त्या दिवशी ताई संध्याकाळी घरी आली, हातपाय धुतले, चहा टाकला. दोन कप भरून आणले आणि त्याच्यासमोर बसली.

"आज आम्ही जेवत होतो," ती म्हणाली. "टीव्हीवर अक्षरं आली. लांबून ओळखली मी. ते शेवटचं पळत येणारं असतं ना तुझं? मी डबा सोडून उठले. म्हटलं, बायांनो, बघा, ही माझ्या धाकट्या भावाची अक्षरं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, गप्प बसा, आता नीट बघा, भावाची मालिका आहे."

पेंटरने कप खाली ठेवला.

"मग मी बघितली."

"ताई..."

"थांब. बोलू दे. हसत होत्या सगळ्या. मीही आधी हसले. अक्षरंच तशी आहेत रे, हसू येतंच. मग ती शर्ट घेऊन दारात आली, तेव्हा मला कळलं. शेवटी तुझं नाव आलं, मोठ्ठं. तेव्हा एकजण माझ्याकडे बघायला लागली. मग दुसरी. कुणीतरी विचारलं, 'ताई, तुमचे मिस्टर बाहेरगावी असतात म्हणता, ते कधी यायचेत?' आणि कुणीतरी पाठीमागून टेबलावर बोटं वाजवली. पावलांसारखी."

खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. ताईने उठून खिडकी लोटली.

"मी बोललेच नसते, तर त्यांना कळलं नसतं," ती म्हणाली. "मीच ओरडून सांगितलं, माझा भाऊ म्हणून."

"मी मास्तरांना सांगितलं होतं गं, की..."

"तू त्यांना शर्टाचं सांगितलंस?"

"हो."

"हसले?"

"हो."

"कुठे? माप मोठं आणते तिथे?"

पेंटर कपातल्या चहाकडे बघत राहिला.

"तिथे हसण्यासारखं आहेच," ताई म्हणाली. "मला काय कळत नाही का? मला कळतं रे. दुकानदार माप विचारतो तेव्हा मलाच कधी कधी हसू येतं. पण ते माझं मला."

पेंटरने मान वर केली. इतक्या वर्षांत त्याने हा प्रश्न तिला विचारला नव्हता, आणि अक्षरं मात्र उत्तर धरूनच काढली होती.

"एक कर," ती म्हणाली. "मालिका बंद करा असं मी म्हणत नाही. तुमची सगळ्यांची पोटं आहेत त्यावर. फक्त ती अक्षरं सरळ कर. लोकांनी आधी तिला बघू दे, मग हसायचं तर हसू दे."

तो दुसऱ्या दिवशी गेला. मॅडमच्या टेबलावर शीर्षक छापलेले कप होते, टोप्या होत्या.

"मॅडम, मी म्हणत होतो... अक्षरं जरा सरळ करून बघूया का?"

"वेडे आहात का? लोक त्या 'ता'ची नक्कल करतात शाळेत! त्यावर तर सगळं उभं आहे." मग त्या हसल्या. "कलावंतांचं हे असंच. स्वतःच्याच चांगल्या कामावर शंका."

"नाही, म्हणजे..."

"पेंटर, उत्तम आहे ते. हात लावू नका."

तो "बरं" म्हणाला. जिना उतरताना त्याच्या कानात 'उत्तम' वाजत होतं, आणि ते वाजणं बंद व्हावं असं त्याला मनापासून वाटत नव्हतं.

"नाही म्हणाले," त्याने घरी सांगितलं.

"तू किती वेळा विचारलंस?"

तो वाकून चपला काढू लागला.

"एकदा," ताई म्हणाली.

पुढच्या सुट्टीला तिने इस्त्री काढली नाही. तिन्ही शर्ट घेऊन ती लाँड्रीत गेली आणि न नेलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यात ठेवून आली. वर्षअखेरीस तो गठ्ठा जुन्या कपडेवाल्याला जातो. "हातात घेतला की मागे कुणीतरी हसतं," एवढंच म्हणाली. महिन्याभरात नोकरी सोडली. मग एका सकाळी बॅग भरली. भांडण नाही, आवाज नाही. डाळ कुठे, पीठ कुठे, गॅसचा नंबर काय, सगळं त्याला दाखवलं, आणि गेली.

पत्ता मिळवायला त्याला चार महिने लागले. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, नोकरी करणाऱ्या बायकांचं वसतिगृह. पहिला मजला, खोली अकरा. दार उघडंच होतं. ताई खाटेवर बसून कुणाचातरी युनिफॉर्म शिवत होती, आणि तिची सोबतीण, एक तरणीताठी नर्स, आरशासमोर वेणी घालत होती.

"कोण पाहिजे हो?" नर्सने विचारलं.

ताईने वर बघितलं. सुई क्षणभर थांबली, मग पुन्हा चालू झाली.

"ओळखीचे आहेत," ती म्हणाली. "आम्ही आधी राहायचो तिकडचे. पाट्या रंगवतात."

"अय्या, मग आमच्या दाराला नंबर टाकून द्या की! पार उडालाय," नर्स म्हणाली. "काकू, बसवा ना त्यांना. मी खाली चालले, जागा जाईल. सगळ्या टीव्हीपुढे बसल्यात. ती शर्टवाली बाई आज लवकर आहे." आणि दारात वळून तिने हवेत बोटांनी पावलं वाजवून दाखवली, आणि स्वतःच खुदकन हसली.

ताईसुद्धा हसली. लोकांसारखंच हसली.

"बसा ना," ती त्याला म्हणाली. "पाणी देऊ का तुम्हाला?"

पेंटर उंबऱ्यातच उभा होता. बावन्न वर्षांत तिच्या तोंडून 'तुम्ही' त्याने पहिल्यांदा ऐकलं होतं. नर्सची एक चप्पल सापडत नव्हती, ती दाराशी वाकून शोधत होती. ती असेतोवर दुसरं काही बोलणं शक्य नव्हतं. आणि ती गेल्यावरही ताई काही वेगळं बोलेल, असं तिच्या हातांकडे बघून वाटत नव्हतं. टाका सरळ जात होता.

"नको," तो म्हणाला. "येतो, ताई."

"या," ताई म्हणाली.

नर्सला त्यात काही वावगं वाटलं नाही. परकी माणसंही बाईला ताईच म्हणतात.